नव्या टायराला जुन्याची जोड

माझे गुडघे गेले त्या वर्षीची ही गोष्ट. गुडघे आहेत जागच्या जागी, पण चढ दिसला की ते माझं ऐकत नाहीत. त्यामुळं दिवाळी झाल्यावर पोरगाच मेंढरं आणि गडी घेऊन पश्चिमेला गेला आणि मी कवठे महांकाळकडच्या आमच्या रानात लिंबाखाली बसून राहिलो. मेंढरांच्या मुक्कामाला आम्ही वाडा म्हणतो. कळत्या वयापासून माझ्याशिवाय वाडा कधी हलला नव्हता. ह्या खेपेला हलला, आणि नीट चालला, हे जास्त लागलं. मला तिकडं जायचं होतं. पण ते मी कुणाजवळ बोललो नव्हतो. म्हाताऱ्यानं एकदा मागायला सुरुवात केली की मग घरातली माणसं त्याला काही विचारायचं सोडून देतात.

घरात पिकअप होती आणि ती सून चालवायची. चारा आणायची, बाजारला बकरी न्यायची. गावातली काही माणसं बघत राहायची. मी त्यांना सांगायचो, माझी आई बैलगाडी हाकायची, हिच्या गाडीला तर चाबूक पण लागत नाही.

वाडा तेव्हा कोयनानगरच्या पुढं एका सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाटीवर, बसला होता. डांबर खाली संपतं, मग तांबड्या मातीची उभी चढण. पिकअपचे टायर माझ्या टाळूसारखे गुळगुळीत झालेले. एका संध्याकाळी पोरानं बायकोला फोनवर सांगितलं, "टायर बदलल्याबिगर आबाला हिकडं आनू नगंस. मधीच गाडी अडकली तर खांद्यावर घिऊन चढू व्हय त्याला?" फोनचा आवाज मोठा होता. मी ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

सकाळी मीच सुनेला म्हणालो की गाडीचे टायर संपलेत, ह्या घरात कुणाला डोळे आहेत का नाहीत. आणि टायर घ्यायचे तर पारख असलेलं माणूस बरोबर पाहिजे. ती काही हसली नाही. "मग तुमीच चला की मामा," म्हणाली, "टायर घिऊन तसंच वाड्यावर बी जाऊ." मी म्हटलं, वाड्याचं नंतर बघू, आधी टायर. आणि धोतर, घोंगडं, भंडाऱ्याची पिशवी असं सगळं घेऊन गाडीत बसलो. टायर बघायला घोंगडं कशाला, हे तिनं विचारलं नाही.

उंब्रजला हायवेच्या कडेला टायरचं मोठं दुकान आहे. दुकानदार चाळिशीतला, अंगानं भरलेला, बोलायला गोड. त्यानं तीन तऱ्हेचे टायर पुढं मांडले. एक नुसता डांबराचा, एक नुसता चिखलाचा, आणि एक दोन्हीकडं चालणारा. त्या तिसऱ्याला तो ऑल टेरेन म्हणत होता. मला नावाशी देणंघेणं नव्हतं. मी उकिडवा बसायला गेलो, गुडघ्यानं नाही म्हटलं, म्हणून खुर्ची मागवली आणि एकेक टायर जवळ आणायला लावला.

आधी नख रुतवून बघितलं. मग बुक्की मारून आवाज ऐकला. मग वास घेतला. दुकानदार सुनेकडं बघायला लागला. ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

"पाव्हणं," मी म्हटलं, "चालवून दाखवा."

त्याला वाटलं गाडीला बसवून. मी म्हटलं तसं नव्हे, तिथं नळाखाली ओली माती आहे, त्यातनं ढकलत न्या, मला खूर बघायचाय. त्यानं नेला. बिचाऱ्याची पांढरी पँट होती. तिन्ही टायरांचे खूर मी मातीत बघितले. मेंढराच्या खुराची फट अरुंद असली की त्यात चिखल बसतो, मग ते लंगडतं. डांबराच्या टायराची फट अगदीच अरुंद. चिखलाच्या टायराची फट एवढी रुंद की ते जनावर नुसतं रानातच ठेवावं. तिसऱ्याचा खूर बेताचा होता. मला आवडला, पण आवडला असं चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

मग वय विचारलं. त्यानं टायरच्या अंगावर उठवलेले आकडे दाखवले, त्यात कुठल्या वर्षी आणि कितव्या आठवड्यात जन्मला ते लिहिलेलं असतं म्हणाला. टायर अजून वर्षाचा पण नव्हता. म्हणजे आदत. ज्या जनावराचे दुधाचे दात अजून पडले नाहीत त्याला आम्ही आदत म्हणतो. दुकानदाराचं गाव बैलवालं असावं, त्याला शब्द कळला. खूश होऊन म्हणाला, "व्हय व्हय, एकदम आदत हाय, डोळं झाकून न्या."

"आता खोड सांगा," मी म्हटलं.

"कसली खोड?"

"ह्याची."

जनावर विकणाऱ्यानं त्याची खोड सांगायची असते. मारकं असेल, बसकं असेल, दावं तोडत असेल. खोड लपवून जनावर दिलं तर घेणारा ते परत आणून दारात बांधू शकतो, ही आमच्या बाजारातली रीत. दुकानदार म्हणाला की ह्या टायरात काहीच खोड नाही. मी उठलो. बिनखोडीचं जनावर देवानं केलेलं नाही. ज्याला खोड नाही त्याची ती अजून कळलेली नाही, एवढंच. त्यानं गॅरंटीचा कागद पुढं केला. मी म्हटलं, कागद नको, खोड सांगा. गाडीपर्यंत गेलो. सुनेनं दारही उघडलं. तेव्हा तो मागून आला आणि कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाला, "डांबरावर जरा गुणगुणतंय, बाबा."

"मग आधी सांगायचं की."

परत जाऊन खुर्चीत बसलो. मला तो माणूस आता पटला होता.

इथपर्यंत सगळं रीतीनं झालं. पुढं सून म्हणाली, चारी टायर बदलू. मी म्हटलं, दोन. दुकानदार म्हणाला, दोनच घ्यायचे तर दोन्ही मागं घाला, ह्या गाडीचं जोर लावायचं काम मागची चाकं करतात. सून म्हणाली, त्याचं बरोबर आहे. दोघं एका बाजूला झाले, तसा मीही एका बाजूला झालो.

मी आयुष्यात खिल्लार खोंडं शिकवलीत. दोन आदत खोंडं कुणी एका जुवाखाली जुंपतं का? एक डावीकडं ओढील, एक उजवीकडं, आणि गाडीवान ओढ्यात. नव्या खोंडाला जुन्या बैलाची जोड द्यायची. जुना त्याला वाट दाखवतो, चढाला दम कसा धरायचा ते शिकवतो. म्हणून पुढं एक नवा एक जुना, मागं एक नवा एक जुना. पैसे वाचवायचे नव्हते, खिशात चारींचे होते.

दुकानदार म्हणाला, "आवं बाबा, टायर शिकत न्हाई."

"तुमच्या दुकानात शिकत नसंल," मी म्हटलं. "हितं नुसतं उभं ऱ्हाऊन काय शिकंल?"

टायर बसवले. नव्या जनावराच्या कपाळाला भंडारा लावतात, म्हणून मी पिशवी सोडली, तर टायरला कपाळ कुठलं हा प्रश्न आला. वरच्या बाजूला लावावं तर गाडी हलली की कपाळ खाली जाणार. दुकानदारही विचारात पडला. त्यानंच सुचवलं की मधोमध लावा, मध्य कुठं जात नाही. मला हे सुचायला पाहिजे होतं. मधोमध लावला.

निघालो. गाडी एका अंगाला ओढायला लागली. सून स्टिअरिंगचं चाक दुसरीकडं धरून ठेवायची, दंडाच्या शिरा फुगल्या तिच्या. टायर गुणगुणत होते, पण सगळे नाहीत, त्यामुळं एकीकडनं गाणं आणि दुसरीकडनं काही नाही असं. गाडी थरथरत होती. मी म्हटलं, "शिकतंय." मल्हारपेठेला म्हटलं, "शिकतंय." पाटणच्या पुढं वळणं लागली तेव्हा ती म्हणाली, "मामा, शिकणारं जरा गप बसलं तर बरं हुईल." हे टायरला होतं का मला, ते मी विचारलं नाही.

कोयनानगरला चहाला थांबलो. गाडी थरथरत टपरीपुढं उभी राहिली, तसा फळीवरच्या बशांनी आवाज केला. टपरीवाला बाहेर आला. मी म्हटलं, भूकंप वाटला का? तो म्हणाला, "भूकंपाला कोन उठतंय? गिऱ्हाईक वाटलं म्हनून आलो."

चढणीला लागलो तेव्हा उन्हं तिरपी झालेली. पहिलं वळण गाडीनं घेतलं. दुसऱ्याला घुंईं केलं आणि जागेवर उभी राहिली. सुनेनं परत रेस दिली. मी दार उघडून मागं बघितलं. नवा टायर खांबासारखा उभा, आणि जुना जागेवर गरगर फिरतोय, माती उडवतोय, धूर काढतोय. एवढ्या वर्षांचा अनुभव असलेला टायर, आणि पोरासारखं वागणं. मला त्याचा राग आला.

गाडी मागं घेऊन परत घातली. तसंच. आणखी एकदा. तसंच, आणि गाडीचं तोंड कडेच्या ओढ्याकडं झालं.

सुनेनं इंजिन बंद केलं. तेव्हा वरून आवाज आला. आमच्या कुत्र्याचा. मागून मेंढरांचा कालवा, कोकरं आयांना शोधत असतात तेव्हाचा. वाघरी लावायची वेळ झाली होती. जाळीचं कुंपण रोवतात, त्याला वाघर म्हणतात. तिची कुठली खुंटी कोण ठोकतोय हे मला आवाजावरून कळतं. वाडा एवढा जवळ होता.

मी उतरलो आणि चालायला लागलो. काठी टेकत थोडा चढलो. मग गुडघे थांबले. मीही थांबलो, काय करणार. दगडावर बसलो आणि सुनेला ऐकू जाईल असं म्हणालो की इथनं वारा चांगला लागतो. पोरानं खाली यावं, मला बकोटीला धरून वर न्यावं आणि गड्यांनी ते बघावं, त्यापेक्षा मी त्या दगडावर रात्र काढली असती. घोंगडं होतंच.

सून जवळ आली. तिच्या हातात जॅक होता, पण तो तिनं पाठीमागं धरलेला. माझ्याकडं न बघता वरच्या बाजूला बघत म्हणाली, "मामा, उंब्रजपासनं इथपर्यंत आलो. नवी दोनी शिकली आसतील का आता?"

 असलं उत्तर जनावर बघितल्याशिवाय द्यायचं नसतं. काठीचा आधार घेत गाडीपर्यंत उतरलो. पुढचा नवा बघितला, मागचा नवा बघितला. हात फिरवला, गरम होते. वरून कोकरांचा आवाज येत होता.

"शिकली," मी म्हटलं. "आता जुंपाय हरकत न्हाई."

तिनं चाकांखाली दगड लावले आणि कामाला लागली. पुढचा नवा काढून मागं, मागचा जुना पुढं. मी नट धोतराच्या सोग्यात धरून बसलो आणि कुठला आधी आवळायचा ते सांगत होतो. ती "व्हय" म्हणायची आणि दुसराच आवळायची. गाडी सुरू झाली आणि त्या चढणीवर अशी गेली की ती मघाशी का अडली हेच कळेना.

वाड्यावर पोरगा खुंटी सोडून आला. आधी माझ्या पाया पडला, मग टायर बघितले. मागं दोन नवे, पुढं दोन गुळगुळीत. "आसं बसवाय कुनी सांगितलं?"

"मामांनी," सून म्हणाली आणि पाणी प्यायला गेली.

आता मला कारण सांगणं भाग होतं, आणि कारण समोरच चाललं होतं. वाघरीत मेंढरं शिरत होती. पुढं म्हातारी मेंढी, वाट जाणणारी. मागून तरणी रेटत होती. मी पोराला म्हटलं, हे बघ, बैलाचं गणित वेगळं, मेंढराचं वेगळं. चढाला मेंढराचं गणित लागतं. जाणतं पुढं, जोराचं मागं. त्यानं मान हलवली. पोरगा मेंढरात वाढलेला, त्याला हे पटतं.

पण तो माझाच पोरगा. पुढच्या गुळगुळीत टायरवर पाय ठेवून म्हणाला, "ते ठीक हाय आबा. पर घाट उतरताना पुढचं टायर धरायचं न्हाईत. उतरनार कसं?"

मी घोंगडं दगडावर अंथरलं आणि बसलो. एक कोकरू येऊन माझ्या धोतराचा सोगा चघळायला लागलं. त्याला अजून ग्रीसचा वास होता.

"उतरायचंय कुनाला?" मी म्हटलं.