मुरूमोबाचा मुकादम

आबांच्या खिशात दोन डब्या असायच्या. एक चुन्याची, एक शेंदराची. एकदा बोलण्याच्या नादात त्यांनी न बघता शेंदराच्या डबीत बोट घातलं, तंबाखू मळली आणि दाढेखाली धरली. दिवसभर ओठ केशरी! साइटवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. आबा पचकन थुंकून म्हणाले, "हसा, हसा. आज देव माज्या तोंडात हाय."

आबा मुकादम होते. इमारत उभी राहायच्या आधी जमिनीची जी मशागत असते, ती त्यांच्याकडे. वरची काळी माती काढायची, मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मग पुन्हा मुरूम. मी त्यांना मुरूम पुरवणारा डंपरवाला. इमारतीची फीत कापायला शंभर माणसं येतात, जमीन दाबणाऱ्याला कोणी बोलवत नाही. आबांना त्याचं काही नव्हतं. जेवण नसेल तर ते बोलावूनही गेले नसते.

रोलर सुरू करताना मात्र नारळ हवाच. नारळ फोडायचा आणि म्हणायचं, "अर्धं भकल देवाचं, अर्धं मुकादमाचं." संध्याकाळपर्यंत देवाचं भकलही मुकादमाच्या पोटात गेलेलं असायचं.

"आबा, देवाचं खाल्लंत?"

"मर्दा, त्याला दात कुटं हायत?"

असा मुकादम तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. शेंदराची डबी मात्र पाहिली नसेल. परंदवडीला पार्किंगच्या जागेत एक खडक निघाला. जेसीबीचे दात बोथट झाले, पोरं उन्हात घामाघूम, आणि कॉन्ट्रॅक्टर सुट्टी द्यायला तयार नाही. आबांनी खडकाला शेंदूर फासला आणि त्याच्यापुढे लोटांगण घातलं. कॉन्ट्रॅक्टरनं चप्पल काढली, काम थांबलं, पोरं सावलीत झोपली. खडक अजून तिथंच आहे. लोक गाड्या त्याला वळसा घालून लावतात. आपोआप प्रदक्षिणा!

पण आंबीची गोष्ट वेगळी. तिथं एका शेठचं गोडाऊन होणार होतं आणि त्याच्यापुढे अवजड गाड्यांसाठी पक्कं आवार. आवाराच्या कोपऱ्यात एक झरा होता. वरच्या डोंगरवस्तीतल्या बायका उन्हाळाभर त्याच्यावर पाणी भरायच्या. वस्तीला दुसरं पाणी नव्हतं. आणि शेठचा हुकूम होता, झऱ्यात दगड भरा, वरून मुरूम टाका, रोलर फिरवा.

आबा शेठकडे गेले. मी बाजूलाच होतो. आबांना इतकं गोड बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"शेठ, लय काय न्हाई, एवडा कोपरा सोडा. वस्ती तहानंनं मरंल."

"आबा, सातबारा माझ्या नावावर आहे. झरा पण माझाच."

"पानी बायका भरत्यात शेठ."

"उद्या बुजवून टाका. नाहीतर दुसरा मुकादम बघतो."

परत आल्यावर आबा रोलरच्या चाकाला टेकून बसले. तंबाखूसुद्धा मळली नाही. तेव्हा मी घाबरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला डंपर माझाच. साइटवर फक्त आबा. मी मुरूम ओतला, तर ढिगातून हंड्याएवढा एक गोल धोंडा गडगडत खाली आला. आबांनी तो उलटापालटा करून पाहिला.

"ह्यो बरा हाय. जरा तोंडावळाबी हाय."

दोघांनी मिळून तो झऱ्याच्या काठी रोवला. शेंदूर कालवायला तेल नव्हतं, म्हणून रोलरचं इंजिन ऑइल घेतलं. वर दोन जास्वंदी.

"तू काय पाह्यलंस?" आबांनी मला विचारलं.

"काय न्हाई."

"मंग देव स्वयंभू."

बायका पाण्याला आल्या. त्यांतली एक म्हातारी डोळे बारीक करून म्हणाली, "परवा तर न्हवता ह्यो देव."

"मावशी, हंडा भरा अन् गप ऱ्हावा!" आबा म्हणाले.

मग शेठ आले. तहानलेल्या वस्तीसाठी ज्या माणसानं टीचभर जागा सोडली नव्हती, त्यानं धोंड्यापुढे बूट काढले, मोजे काढले. "हे कोण?" त्यांनी हळूच विचारलं.

"मुरूमोबा," आबा म्हणाले. "लय कडक हाय. पानी अडवलेलं त्याला खपत न्हाई."

शेठनी हात जोडले आणि इंजिनिअरला सांगितलं, कंपाउंड आत घ्या. झरा भिंतीबाहेर राहिला. देवाला इंजिन ऑइलचा वास येत होता, पण भक्तीत कोणाचं लक्ष जातं!

आबा गेल्या वर्षी आजारी पडले. मी वडगावला दवाखान्यात भेटायला गेलो. नाकात नळी, हाडांचा सापळा झालेला. मला जवळ बोलावून म्हणाले, "मुरूमोबाला माजा एक नारळ फोड."

मला हसूच आलं. "आबा, अहो तो धोंडा माझ्या डंपरमधला! आपणच रोवला ना?"

"ठावं हाय रं. डबी माजीच व्हती." थोडा दम घेतला. "बाकीच्या देवांस्नी आयुष्यभर मागितलं. एकानंबी ऐकलं न्हाई. ह्यानं न मागता काम केलं. फोड तू."

मी उद्या फोडतो म्हणालो. पण खाणीवर गाडी अडकली, आणि आबा तेवढे थांबले नाहीत. मला त्यांचा रागच आला. जन्मभर काम लांबवलं या माणसानं, आणि नेमकी इथं घाई केली.

तिसऱ्याच्या विधीनंतर मी आंबीला गेलो. झऱ्याला पाणी होतं. वस्तीतल्या बायकांनी देवाला चौथरा बांधला होता. तीच म्हातारी हंडा भरत होती. मला बघून म्हणाली, "मुकादम न्हाई आलं व्हय?"

मी नारळ फोडला, अर्धं भकल मुरूमोबापुढे ठेवलं, आणि दुसरं हातात धरून तिथंच उभा राहिलो.