शेगडीवर वाळवलेली झांज

माझे यजमान गिरणीत कामाला होते, पण कुणी विचारलं तर आधी सांगायचे, मी बँडात वाजवतो. लालबागला रस्त्यालगत एक गाळा होता, तिथे त्यांचा बँड बसायचा. लग्नाच्या वराती, गणपती आणणं, पोचवणं, एखाद्या दुकानाचं उद्घाटन. त्यात ते झांजा वाजवत. भजनातल्या चिमुकल्या नव्हेत, बँडातल्या, जेवणाच्या ताटापेक्षा मोठ्या, काशाच्या. बँडातली बाकी वाद्यं मास्तरांच्या मालकीची होती. मास्तर म्हणजे क्लॅरिनेट वाजवणारे, बँडाचे प्रमुख. झांजा मात्र यांच्या स्वतःच्या होत्या. यांच्या आधी त्या वाजवणारा म्हातारा कायमचा गावी निघाला तेव्हा त्याने त्या यांच्या हातात दिल्या होत्या.

मी देवगडकडच्या खेड्यातून लग्न होऊन आले. नव्याची नवी, काहीतरी करून दाखवायची हौस. आठवडा झाला नसेल, मी चिंच आणि राख घेऊन त्या झांजा घासायला बसले. यांनी मोरीपाशी येऊन माझा हात धरला. रागावले नाहीत. म्हणाले, ही भांडी नव्हेत, यांना चकाकी आली नाही तरी चालते, आवाज राहायला हवा. त्या दिवसापासून मी त्यांना हात लावला नाही.

मग संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस आले. आमच्या भागात गोळीबार झाला, कर्फ्यू लागला. गिरण्या बंद, बँड बंद, खिडकीतून डोकं काढायचीही चोरी. हे मोर्च्यांना जात असत, त्यामुळे मी आतून धसकलेली. पण त्या दोन-तीन दिवसांत ते घरी होते, आणि दुपारी करण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांनी ट्रंकेवरचं झांजांचं बोचकं खाली काढलं आणि मला समोर बसवलं. म्हणाले, ये, शिकवतो.

आधी चामड्याची वादी सोडायची, कारण ती भिजली की कडक होते. मग रिठ्याचं कोमट पाणी आणि जुन्या धोतराचं मऊ फडकं. काशावर ज्या बारीक गोल रेघा असतात त्यांच्या बाजूनेच फिरवायचं, आडवं घासायचं नाही. नुसत्या बोटांनी धरायचं नाही, घामाचे डाग पडतात आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत ते हिरवे होतात. पुसून लगेच कोरडं करायचं, मधल्या फुगवट्यात थेंब राहता कामा नये. शेवटी दोन्ही झांजांमध्ये फडकं घालून त्या आडव्याच ठेवायच्या, काठावर उभ्या नाहीत. कर्फ्यूत आवाज होऊ नये म्हणून आम्ही त्या मांडीवर धरून, दबक्या आवाजात बोलत पुसत होतो. बाहेर पोलिसांची गाडी गेली की दोघांचे हात थांबायचे. माझ्या संसारातली ती सगळ्यात सुखाची दुपार होती असं म्हटलं तर लोकांना विचित्र वाटेल. बाहेर माणसं मेली होती. पण तसंच होतं.

पुढे ती आमची रीतच झाली. रविवारी जेवणं झाली की झांजा खाली काढायच्या. एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे.

त्याच वर्षी श्रावण सरता सरता चार दिवस पाऊस उघडला नाही. गणपती तोंडावर आलेले, बँडाची कामं ठरलेली. यांची पहिली पाळी होती. जाताना म्हणाले, हवा ओली आहे, आज नुसतं कोरडं फडकं फिरव, पाणी लावू नकोस. ते गेले आणि मी फडकं फिरवलं, पण एका झांजेच्या काठाला हिरवट डाग दिसला. मला वाटलं, एवढा काढून टाकते, बघतील तर खूश होतील. रिठ्याचं पाणी केलं. डाग गेला, पण झांज काही वाळेना. खोलीत सगळंच दमट, फडकीसुद्धा. थेंब राहता कामा नये हे डोक्यात घट्ट बसलेलं. शेगडीत निखारे होते. आम्ही पावसाळ्यात लंगोट-बंड्यासुद्धा शेगडीवर वाळवायचो. मी झांज शेगडीवर ठेवली आणि नळाला पाणी आलं म्हणून कळशी घेऊन गेले.

नळावर रांग होती. परत आले तेव्हा काशावर जांभळी-निळी झाक चढली होती, मोरपंखासारखी. मी चिमट्याने ती खाली घेतली आणि ती आपसूक निवेपर्यंत तिच्याकडे बघत बसले. मग चिंच लावली, जी लावायची नाही म्हणून त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. रंग बराचसा गेला. सगळा नाही.

हे आले. चहा घेतला. झांज उचलून खिडकीपाशी नेली, तिरपी करून उजेडात धरली, नखाने टिचकी मारून कान लावला. मी पोळपाट धूत होते, वर बघितलं नाही.

"छान निघाली गो," ते म्हणाले, आणि ती फडक्यात गुंडाळून ठेवली.

मी सुटले असं मला वाटलं. सांगायचं होतं, पण म्हटलं आता त्यांना काही दिसलेलंच नाही तर कशाला. एकदा राहिलं ते राहिलंच.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ते घरी आले तेव्हा त्या झांजेला काठापासून आत बोटभर तडा गेला होता. मी विचारलं, कसं झालं? म्हणाले, जुनी होती, कधीतरी जाणारच. नंतर पंधरवड्याने म्हणाले, पाळ्या बदलल्या आहेत, बँडाला वेळ होत नाही, सोडला. मी मान डोलावली. बँडातली माणसं पूर्वी आमच्याकडे चहाला यायची, ती यायची थांबली. रस्त्यावरून वरात चालली की चाळीतली सगळी गॅलरीत धावायची आणि हे उठून आत जायचे, मोरीत पाय धुवायला. तेवढ्यातल्या तेवढ्यात किती वेळा पाय धुवायचे ते.

पण रविवार सुटला नाही. जेवणं झाली की बोचकं खाली यायचं. तडा गेलेली झांज ते माझ्याकडे द्यायचे. मी रेघांच्या बाजूने फडकं फिरवायची, तड्यापाशी आले की हळू करायची, कारण तिथे फडक्याचे धागे अडकायचे. कधीही न वाजणाऱ्या झांजा आम्ही तीन वर्षं पुसत होतो. यांच्या तोंडाकडे बघायची मला हिंमत होत नसे.

मग त्यांचा खोकला सुरू झाला. गिरणीतल्या कापसाच्या धुरळ्याने असेल म्हणून काही महिने गेले. नंतर रक्त पडलं. परळच्या इस्पितळात ठेवलं. मी रोज दुपारी लालबागहून पेज घेऊन चालत जायची. एके दिवशी त्यांना पेज भरवताना त्यांचं मनगट माझ्या हातात आलं, इतकं बारीक की माझी बोटं वळसा घालून पुन्हा एकमेकांना टेकली. त्या हातांनी ते केवढालं कासं पेलत होते. मला राहवलं नाही.

"ती झांज मी शेगडीवर ठेवली होती," मी म्हटलं. "तडा माझ्यामुळे गेला."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. काशाला तसला रंग आगीशिवाय येत नाही. आवाजही बसलेला. वाटलं, हलक्या हाताने वाजवली तर निभेल."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत. त्यांनी उशीला मान टेकून धाप ओसरू दिली.

"बोललो असतो तर तू परत हात लावला नसतास त्यांना," ते म्हणाले. "रविवारचं आपलं बसणं मोडलं असतं."

मी पेजेचं भांडं खाली ठेवलं आणि खूप रडले. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने भिंतीकडे तोंड केलं. मार्गशीर्षात ते गेले.

नंतरच्या चैत्रात महाराष्ट्र होणार हे नक्की झालं. रस्तोरस्ती तोरणं, मिरवणुकांची तयारी. जिकडे तिकडे बँडांना बोलावणी. एका सकाळी मास्तर आमच्या दारात उभे. किती वर्षांनी. म्हणाले, वहिनी, आमच्या झांजांतली एक गेली, तुमच्याकडची चांगली असेल ती मिळाली तर जोडी जमेल. मी त्यांना बसवलं आणि बोचकं काढून दिलं. त्यांनी चांगली झांज बाजूला घेतली, मग तडा गेलेलीवर बोट फिरवत म्हणाले, "सोन्यासारखी वस्तू. एका हलगर्जीपणाने घालवली त्याने."

मी विचारलं, कसला हलगर्जीपणा?

तेव्हा मला कळलं. यांनी बँडात सांगितलं होतं की लॉरीतून उतरताना झांज हातून पडली. मास्तरांनी सगळ्यांदेखत सुनावलं, ज्याला वाद्य सांभाळता येत नाही त्याने बँडात उभं राहू नये. दुसऱ्या दिवशी हे बँडाचा लाल कोट घडी करून गाळ्यात ठेवून आले. पाळ्याबिळ्या काही बदलल्या नव्हत्या.

मी मास्तरांना शेगडीचं सांगितलं. त्यांनी तडा गेलेली झांज मांडीवर घेतली. म्हणाले, "मला एकट्याला येऊन सांगायचं होतं त्याने."

"मग माझं नाव घ्यावं लागलं असतं," मी म्हटलं.

मी पदर खोचला आणि म्हटलं, तुम्ही त्यांना जसं चारचौघांत बोललात तसंच आता चारचौघांत सांगा. मीही येते. आम्ही दोघं गाळ्यावर गेलो. आत सराव चालला होता. मास्तरांनी हात वर करून वाजवणं थांबवलं आणि सांगितलं की त्याच्या हातून काही पडलं नव्हतं, दोष त्याचा नव्हता, आपण त्याला फुकट घालवलं. मी पुढे होऊन म्हटलं, दोष माझा होता. एका ढोलवाल्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. दहा-बारा माणसं होती, त्यांतली निम्मी यांच्यानंतर आलेली, त्यांनी यांना पाहिलंही नव्हतं. ती गोंधळून माझ्याकडे बघत होती.

मास्तरांना मी ती चांगली झांज नेऊ दिली. वाजायला हवी ती.

परतताना रस्त्यात पताका लावणाऱ्या पोरींनी मला अडवून हातावर पेढा ठेवला. महाराष्ट्र मिळाला मावशी, खा. या दिवसासाठी हे मोर्च्यांना गेले होते, लाठ्या चुकवत घरी आले होते, आणि चार महिने कमी पडले. नाही म्हणता येईना म्हणून पेढा तोंडात घातला. चाळीचा जिना चढून खोलीचं कुलूप काढेपर्यंत तो काही मला गिळता आला नाही.