एका आडनावाची चार शेतं

प्रिय बाळांनो,

तुमचं पत्र आणि सोबतचा कार्यक्रम मिळाला. डिसेंबरात येताय, वाचून फार बरं वाटलं. पान उलटलं आणि मी चष्मा काढून ठेवला. आडनावातलं शेवटचं 'कर' काढून तुम्ही नकाशावर गाव शोधलंत, तिथे जायला दोन दिवसांची गाडी ठरवलीत आणि 'मूळ घराचे' फोटो कुठल्या वेळी काढायचे तेही लिहून ठेवलंत. मला एका शब्दाने विचारलं नाहीत. हीच चूक मी कुवेतमध्ये नोकरीला असताना एकदा जवळून पाहिली आहे. ते घराणं नॉर्वेचं होतं, एवढाच फरक. गाडीवाल्याला आगाऊ पैसे पाठवण्याआधी हे वाचा. तुमची आई म्हणते, तुम्हाला मराठी वाचता येतं, फक्त कंटाळा येतो. कंटाळा करू नका.

साठीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आम्ही कुवेतच्या सालमिया भागात दोन खोल्यांत राहायचो आणि मी सकाळी सातला शहरातल्या एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून हजर असायचे. आमची कंपनी तेल न्यायला येणाऱ्या जहाजांना बटाटे, कांदे, दोरखंड आणि रंग पुरवायची. मॅनेजर इंग्रज होते, त्यांची बायको अमेरिकन. तिला सगळे मॅडम म्हणत. मॅडमचे आजोबा तरुणपणी नॉर्वेतून अमेरिकेत गेलेले. येत्या जूनमध्ये सुट्टीवर जाताना मॅडम नॉर्वेला उतरणार होत्या आणि त्यांचे वडील अमेरिकेहून तिथे येणार होते. वडिलांचं वय अठ्ठ्याहत्तर. आपल्या बापाचं शेत एकदा डोळ्यांनी बघायचं, ही त्यांची आयुष्यभराची इच्छा, आणि पुन्हा एवढा प्रवास त्यांना झेपणार नव्हता. म्हणजे शेत एकाच खेपेत आणि बरोबर सापडायला हवं होतं.

शोधायचं काम मॅडमचं. टाइप करायचं माझं. का, ते मला कोणी सांगितलं नाही.

मॅडम दस्मानच्या बंगल्यातून दहाच्या सुमाराला यायच्या, माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसायच्या आणि पर्समधून कागद काढायच्या. वाणसामानाच्या यादीच्या मागे आजोबांची जन्मतारीख. केकच्या कृतीच्या मागे आजीचं नाव. एकाच आडनावाची स्पेलिंगं तीन. "डिअर, तू किती नीटनेटकी आहेस!" असं म्हणून त्या सगळं माझ्यापुढे ओतायच्या. मी प्रत्येक माणसाचं वेगळं कार्ड केलं, पत्रांच्या कार्बन प्रती तारखेने लावल्या. दुसऱ्या दिवशी मॅडम त्यातलं एक कार्ड घरी न्यायच्या आणि हरवायच्या.

घरी आल्यावर तुमचे आजोबा विचारत, "काय तलाठीणबाई, नॉर्वेचा सातबारा निघाला का?"

"जेवायला बसा," मी म्हणायचे.

मॅडमची पद्धत अशी: नकाशावर आपल्या आडनावाचं शेत शोधायचं. तशी चार निघाली, चार वेगवेगळ्या खोऱ्यांत. चौघांनाही एकच पत्र गेलं: 'आम्ही तुमच्या शेताच्या जुन्या मालकांचे वंशज आहोत.' दोघांनी उत्तर दिलं नाही. एकाने कळवलं की माहीत नाही. चौथ्या शेतावरून मात्र मोडक्या इंग्रजीत प्रेमाचं पत्र आलं: जरूर या, कॉफी तयार ठेवतो. सोबत फोटो होता, पांढरं दुमजली घर आणि मोठं कोठार. मॅडमनी फोटोला चौकट करून घेतली आणि एक प्रत वडिलांना पाठवली. वडिलांचं उत्तर आलं, 'हेच ते. माझे वडील सांगायचे अगदी तसंच.' ज्यांनी ते घर जन्मात पाहिलं नव्हतं, त्यांनी ते ओळखलं!

मी तेच पत्र फाइल करताना दुसऱ्यांदा वाचलं. त्यात खाली एक ओळ होती. त्या कुटुंबाकडे शेत कित्येक पिढ्या आहे, सगळ्या मुलांची नोंद आहे, आणि अमेरिकेला त्यांच्यातलं कोणीच गेलेलं नाही.

"मॅडम, मग तुमचे आजोबा कोणाचे?"

"विसरले असतील गं ते. जुन्या गोष्टी आहेत."

"सगळ्यांची नोंद आहे म्हणतात."

"डिअर, हॉटेलचं पत्र टाइप झालं का?"

झालं होतं. तीन प्रतींत.

माझ्या समोरच्या टेबलावर चाचा बसायचे. रत्नागिरीकडचे मुसलमान, बंदरावरचे सगळे कागद तेच करायचे आणि लाँचमधून जहाजांवर जायचे. त्यांचं आडनाव आणि माझं माहेरचं आडनाव एकच. मी नोकरीला लागले तेव्हा प्रमाणपत्रावर ते बघून चाचा खुर्चीवरून उठले होते आणि मला चहा पाजला होता. त्या दिवशी मी चिडून ती ओळ त्यांना वाचून दाखवली.

चाचा हसायला लागले. "अगो बाय, तुजं नि माजं आडनाव एक. म्हनून मी काय तुजा चुलता झालो?"

"चाचा, थट्टा नको. आपलं आडनाव गावाचं आहे."

"मग तिचा कसला हाय? शेताचाच ना? त्या शेतावर जो राहिला, त्याला लोक त्याच नावान हाक मारनार. मालक असो नायतर गडी असो."

मी टाइपरायटरवरचे हात काढून घेतले. चार महिने चार शेतांना पत्रं लिहीत होते आणि ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मॅडमवर चिडण्यापेक्षा मी स्वतःवर जास्त चिडले. आमच्या गावचे किती लोक ते आडनाव लावून मुंबईत, आफ्रिकेत पांगले आहेत. ते सगळे माझे भाऊबंद आहेत असं मी कधी धरलं असतं का?

मग मी जे केलं ते बरोबर होतं असं आजही म्हणणार नाही. पांढऱ्या घराच्या खोऱ्यातल्या चर्चच्या पाद्र्यांना मी एक पत्र टाइप केलं. मॅडमच्या आजोबांचं नाव, जन्मतारीख, त्यांच्या वडिलांचं नाव. कृपया तुमच्या नोंदवहीत पाहावं. ते मी मॅडमच्या सहीच्या पत्रांत मधोमध ठेवलं. मॅडम वाचत नसत. सही झाली, पत्र गेलं.

उत्तर आलं ते नॉर्वेजियनमध्ये, शाईने, दोन पानं. तेव्हा मॅडमना सांगणं भाग पडलं.

"तू कोणाला विचारून लिहिलंस?"

"सही तुमची आहे," मी म्हणाले. हे बोलायला नको होतं.

त्याच आठवड्यात एक नॉर्वेचं जहाज लागलं. चाचांनी तिथल्या एका वयस्क इंजिनियरला कांद्याची पावती द्यायच्या निमित्ताने ऑफिसात आणलं. तो घामाने भिजलेला, पंख्याखाली उभा राहून वाचू लागला. मॅडम टेबलाच्या कोपऱ्यावर न बसता खुर्चीत बसल्या होत्या.

इंजिनियरने सांगितलं ते असं: आजोबांचा जन्म पांढऱ्या घराच्या शेतावर झालाच नव्हता. वर डोंगराच्या उतारावर एक खोपटी होती, खालच्या दुसऱ्या एका शेताच्या मालकीची. तिथे त्यांचे वडील कूळ म्हणून राहत, भाड्याच्या बदल्यात मालकाकडे राबत. आजोबा पंधराव्या वर्षी पांढऱ्या घराच्या शेतावर गडी म्हणून लागले आणि तिथूनच अमेरिकेला गेले. जाताना शेवटच्या शेताचं नाव आडनाव म्हणून लावलं.

"म्हणजे माझे आजोबा खोटं बोलले?" मॅडमनी विचारलं.

"नाही हो," मी म्हणाले. "आमच्याकडे धुणंभांडी करणारी बाईसुद्धा 'आमचा बंगला' म्हणते."

हे समजावण्याच्या चांगल्या हेतूने म्हटलं होतं. मॅडम उठून गेल्या. अकरा दिवस त्या ऑफिसात फिरकल्या नाहीत, आणि मी साहेबांच्या साध्या पत्रांतसुद्धा चुका करू लागले. तुमचे आजोबा म्हणाले, "दुसऱ्याच्या बापजाद्यांत तुला कोणी नाक खुपसायला सांगितलं होतं?" वडिलांना काहीच न सांगता मॅडम त्यांना पांढऱ्या घरासमोर उभं करून फोटो काढू शकल्या असत्या. म्हातारा खूश होऊन परत गेला असता. हे मलाही कळत होतं, आणि म्हणूनच जास्त चीड येत होती.

बाराव्या दिवशी मॅडम आल्या. "वडिलांना पत्र आहे. घे लिहून."

त्या सांगत गेल्या, मी टाइप करत गेले. खोपटीपर्यंत आल्यावर त्या थांबल्या. "'लहानसं शेत' लिहू या का?"

मी बोटं टाइपरायटरच्या बटणांवर ठेवून थांबले.

"नको," त्याच म्हणाल्या. "खोपटीच लिही."

वडिलांचं उत्तर तीन ओळींचं होतं. मॅडमनी ते मला वाचायला दिलं. 'माझे वडील जिन्याखाली झोपल्याच्या गोष्टी सांगायचे. मालकाचा मुलगा जिन्याखाली कशाला झोपेल, हे मी कधी विचारलं नाही. आधी वरच्या जागी जाऊ.'

आणि तसंच झालं. तिथून आलेलं मॅडमचं पत्र मी पहिल्यांदाच एकही चूक न काढता वाचलं. पांढऱ्या घरात त्यांना ठरल्याप्रमाणे कॉफी मिळाली, पण ती दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी म्हातारे काठी टेकत उतार चढले, थांबत थांबत, कोणाचा हात न धरता. वर जाऊन जे बसले ते जेवायची वेळ टळली तरी खाली येईनात. हॉटेलात जेवण गार होत होतं, गाडीवाला भोंगा वाजवत होता. 'मी त्यांना दहा वेळा हाका मारल्या,' मॅडमनी लिहिलं होतं. 'ते म्हणाले, मला कुठे जायची घाई आहे?' पुढच्याच वर्षी ते वारले.

मॅडमही आता नाहीत. त्यांची मुलगी मध्यंतरी तिथे जाऊन आली, तिने मला कळवलं. पांढरं घर पाडून मालकांनी नवीन बांधलं. डोंगरावरच्या खोपटीची भिंत एकही नाही. पायाचे दगड तीन बाजूंनी जागेवर आहेत, चौथी बाजू ओढ्यात गेली. चुलीखालचा सपाट दगड अजून आहे. तुम्हीही गाडीवाल्याला पैसे पाठवण्याआधी मला विचारा, त्या गावात आपलं कोण, कुठे राहत होतं.