जोर्दींची जुनी रिव्हिजन

"एकच कार्टन, हबीबी," नबील म्हणाला. "जोर्दीच्या बहिणीला कुरियर कर. बाकी सगळं श्रेडरमध्ये. उद्या ऑफिस खलास."

नबील आमचा लेबनीज प्रोजेक्ट मॅनेजर. दुबई मरीनातला आमचा टॉवर मंदीत सतराव्या मजल्यावरच थांबला होता. मी तिथे डॉक्युमेंट कंट्रोलर होते, म्हणजे ड्रॉइंग्ज आणि कागदपत्रं सांभाळणारी. नियम सोपा. ड्रॉइंगची नवी, सुधारलेली रिव्हिजन आली की जुनीवर 'सुपरसीडेड', म्हणजे बाद, असा शिक्का मारायचा आणि ती नष्ट करायची. साइटवर जुनं ड्रॉइंग गेलं, तर भिंत भलत्याच जागी उभी राहते.

जोर्दी बार्सिलोनाजवळच्या गावचे. दिवसभर आमच्यासाठी इंग्रजीत स्पेसिफिकेशन्स लिहायचे आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतःचं लिखाण, तेही दोन भाषांत. कॅटलान त्यांची घरची भाषा. लहानपणी शाळेत ती बोलायची चोरी होती. दुसरी एस्पेरांतो, मुद्दाम घडवलेली, कुठल्याच देशाची नसलेली.

"ती वाचणार कोण?" मी एकदा विचारलं होतं.

"तुमच्या दिवाळी अंकाला या मजल्यावर किती वाचक आहेत, मॅडम?"

एकच होती. मी, त्यांच्या शेजारच्या टेबलाशी बसून वाचणारी.

नोकरीवरून काढल्याचं पत्र मिळाल्यावर दहा दिवसांनी ते हार्ट अटॅकने गेले. पत्राच्या दिवशीच आयटीने त्यांचा कॉम्प्युटर पुसून टाकला होता.

ड्रॉवरमध्ये प्रिंटआउटचे दोन गठ्ठे निघाले. एक कॅटलान, एक एस्पेरांतो. दोन्हींवर कादंबरीचं शीर्षक एकच, 'नूरिया'. दोन्हींत चौदा प्रकरणं. एस्पेरांतोवरची तारीख वर्षभरानंतरची. कार्टनमध्ये त्यांची पुस्तकं, चष्मा आणि एसीत घालायचा जाड स्वेटर भरल्यावर जागा एकाच गठ्ठ्यापुरती उरली.

डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. हात सवयीने चालला. कॅटलान गठ्ठ्यावर मी शिक्का मारला आणि तो श्रेडरमध्ये घातला.

महिन्याभराने बहिणीचा फोन आला. तिचं इंग्रजी तुटक होतं.

"कॅटलान कुठे आहे?"

"ती जुनी रिव्हिजन होती. मी नवी पाठवली."

"नवी मला वाचता येत नाही."

"पण मजकूर तोच असेल ना?"

"एस्पेरांतो जाणणाऱ्या एका गृहस्थांनी मला ती वाचून सांगितली. यात नूरिया घर सोडून जाते, ती कायमची. जोर्दीने मला पत्रात लिहिलं होतं, ती परत येते." "मग खरी कुठली? तुम्ही त्याच्या शेजारी बसायचात. तुम्हीच सांगा."

त्यांनी वर्षभरात शेवट बदलला, की दोन भाषांत दोन वेगळ्या कादंबऱ्या लिहिल्या, हे मला आजही कळत नाही. इतकी वर्षं शेजारी बसून मी त्यांना गोष्ट काय आहे, हे कधी विचारलंच नव्हतं.

आता मी अबुधाबीत खलिफा सिटीतल्या एका ऑफिसात हेच काम करते. शिक्का उचलण्याआधी कागद लिहिणाऱ्याला विचारते. तो विचारण्यापलीकडे गेला असेल, तर कार्टनमधून स्वेटर बाहेर काढावा आणि दोन्ही गठ्ठे भरावेत.