स्क्रॅम्बलवालेही विसरले

"मॅडम, स्क्रॅम्बलवालेही विसरले," तबस्सुम म्हणाली आणि वही माझ्या टेबलावर ठेवून उभीच राहिली.

तबस्सुम माझी पीएचडीची विद्यार्थिनी, वैरागची. सोलापुरातल्या आमच्या छोट्या लॅबमध्ये तिची चार वर्षं उंदरांच्या मेंदूतल्या एका प्रोटीनमागे गेली होती. हे प्रोटीन नसेल तर उंदीर शिकलेलं विसरतो, असा तिचा अंदाज. प्रबंध त्यावरच उभा होता आणि तो द्यायला तीन महिने उरले होते.

प्रोटीन कमी करायला आम्ही अँटिसेन्स वापरतो. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात ऑफिसातून ऑर्डरची चिठ्ठी मागावर जाते, मग चादर विणली जाते. पेशीतही जीनकडून अशीच चिठ्ठी निघते आणि तिच्यावरून प्रोटीन बनतं. अँटिसेन्स म्हणजे नेमक्या त्या चिठ्ठीला चिकटून ती बाद करणारा छोटा रेणू. माग शाबूत, पण चादर नाही. स्क्रॅम्बल हा तुलनेसाठीचा रेणू: रासायनिक अक्षरं अँटिसेन्सचीच, क्रम विस्कटलेला. तो कुठेच चिकटत नाही. त्यामुळे स्क्रॅम्बल दिलेल्या उंदरांनी काही विसरायला नको होतं.

इंजेक्शन न दिलेले उंदीर मात्र आठ वाटांच्या चक्रव्यूहात बरोबर खाऊच्या वाटेने गेले होते. म्हणजे इंजेक्शनच मेंदूला बाधत असणार आणि चार वर्षं पाण्यात, असं तबस्सुमचं म्हणणं. धास्ती मलाही वाटली, पण कुतूहल जास्त. म्हटलं, मला एकदा बघू दे.

दुसऱ्या दिवशी मी चक्रव्यूहापाशी स्टूल टाकून बसले. विसरलेला उंदीर भटकतो, चुकीच्या वाटेत शिरतो, परत येतो. हे भटकतच नव्हते. मधोमध बसून निवांत मिशा साफ करत होते, जेवण झालेल्या माणसासारखे.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळपासून उंदरांना कमी खायला द्यायचं, म्हणजे ते खाऊ शोधतात, असा आमचा नियम. मी उठून पिंजरे पाहिले. इंजेक्शनवाल्यांच्या भुशात कडक भाकरीचे तुकडे होते.

उंदरांची देखभाल मल्लेश मामांकडे. आधी ते यंत्रमागावर होते. विचारलं तर त्यांनी काहीच लपवलं नाही.

"डोस्क्यात सुई टोचल्यालं जनावर उपाशी ठिवायचं व्हय मॅडम? आमच्यात सुई घिऊन आल्याल्याला आदी खायला घालत्यात."

मला राग आला तो स्वतःचा. चाचणीआधी खाणं कमी ठेवायची दारावरची सूचना मीच लावली होती, तीही इंग्रजीत. मामा तेलुगू वाचतात, मराठी वाचतात. आणि उंदरांना भूक का हवी, हे इतक्या वर्षांत त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या दुपारी तबस्सुमने त्यांना चिठ्ठी, माग, चादर सगळं समजावलं. मामांनी एकच विचारलं, चिठ्ठी खरंच बाद झाली का हे तुमी बघता का? बघतो, ती म्हणाली, शेवटी प्रोटीन मोजतो. मग चाचणी संपल्यावरच भाकरी घालायची, असं दोघांचं ठरलं.

नव्या उंदरांवर प्रयोग पुन्हा केला. स्क्रॅम्बलवाले सरळ खाऊकडे गेले. अँटिसेन्सवालेही गेले. मोजलं, तर अँटिसेन्सवाल्यांच्या मेंदूत ते प्रोटीन जेमतेम उरलं होतं. तरी एकही वाट चुकला नव्हता.

तबस्सुमने आकडे पुन्हा एकदा ताडून पाहिले. तिचा अंदाज साफ चुकला होता. मला तिच्यासाठी वाईट वाटलं. मामा चक्रव्यूहात वाकून बघत होते.

"म्हंजे त्या चादरीबिगर बी भागतंय की," ते म्हणाले.

प्रबंधाचा निष्कर्ष तोच आहे, जरा शुद्ध भाषेत. तबस्सुमला त्यावर पीएचडी मिळाली. दारावरची सूचना आता मराठीत आहे. आणि स्क्रॅम्बलचा गट ठेवला नसता, तर भाकरीची करामत आम्ही प्रोटीनच्या नावावर छापून मोकळे झालो असतो.