कपाटाला लावलेलं औषध

नेरजवळच्या आमच्या घरातल्या स्वयंपाकघराची सागवानी कपाटं मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सुताराजवळ उभं राहून करून घेतली होती. दर दिवाळीआधी सासूबाई त्यांना जवसाचं तेल लावायच्या. "फडक्यानं नाही मुरत वं, तळव्यानं घास," म्हणायच्या आणि लाकूड ऊन होईपर्यंत घासायच्या.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता डब्यांच्या झाकणांवर पिवळट भुकटी दिसू लागली. लाकडाला आतून पोखरणारा घुण लागला होता. दुपारी घर शांत झालं की आतून बारीक कुरकुर ऐकू यायची. मी फळ्या उन्हात टाकल्या, भोकांत मेण भरलं. आठ दिवसांत नवी भोकं.

मामाजी रोज फळीवर बोटानं ठोकून बघायचे. "आतून पोकळ होऊन राह्यलं," एवढंच बोलायचे.

एके दिवशी मी अंगणवाडीतून आले तर ओट्यावर पाल उलथी पडलेली. कपाटाखाली मुंग्या मेलेल्या, ओळीच्या ओळी. तेलाच्या वासात दुसरा एक उग्र वास होता. ओळखीचा, पण घरातला नव्हे. सासूबाई कपाटात अर्ध्या शिरून तळव्यानं फळी घासत होत्या.

"आई, आज काहून तेल काढलं?"

"म्या नाही. तुह्या सासऱ्यानं लावलं वाटते. पाह्य, मुरलंच नाही, चिकट राह्यलं."

"आधी हात धुवा."

असं का म्हणाले, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. त्या हसल्या. "एवढी फळी होऊ दे." मी साडी बदलायला गेले. त्यांना ओढून बाहेर काढायला हवं होतं.

परत आले तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळावर घाम, तोंडातून लाळ. "मले अंधारी येऊन राह्यली," म्हणाल्या. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

शेजाऱ्यांच्या गाडीतून मी आणि मामाजींनी त्यांना यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली. "फवारणीला गेल्या होत्या?"

"नाही. कित्येक वर्षांत त्या वावरात गेल्या नाहीत."

"मग घरात काही प्यायल्या? की कोणी दिलं? खरं सांगा."

ते माझ्याकडे बघत होते.

"म्या लावलं," मागून मामाजी म्हणाले. "पऱ्हाटीवर फवारायचं औषध उरलं होतं. घुण मरावा म्हनून ब्रशनं आतून लावलं. वास येऊ नये म्हनून वरून तेल. तिले सांगतलं असतं तर तिनं लावू देलं नसतं."

नर्सनं सासूबाईंचे हात साबणानं पुन्हा पुन्हा धुतले. तीन दिवस त्या कोणालाच ओळखत नव्हत्या. आठव्या दिवशी घरी आल्या, तोवर मामाजींनी कपाटं उतरवून, जाळू नका असं डॉक्टरांनी बजावल्यामुळे, पडीक जमिनीत खड्डा करून पुरली होती. आतलं धान्य, पीठ, सगळं त्याच खड्ड्यात गेलं.

सासूबाईंच्या बोटांना अजून कंप आहे. चहाची बशी वाजते. मामाजींना त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत, पण मामाजीच आता स्वयंपाकघरात पाय ठेवत नाहीत. परवा सासूबाईंनी आतून हाक मारली, "या ना, आत बसून जेवा." मामाजी दारापर्यंत आले. मोकळ्या भिंतीकडे पाहिलं, माझ्या हातून ताट घेतलं आणि बाहेर ओसरीत जाऊन जेवले.