एका स्तोत्राचे वरण

ज्या शाळेत मी नोकरीची सारी वर्षे विज्ञान शिकवले, तिने निवृत्तीनंतर मला एकदा आठवीच्या वर्गापुढे बोलायला बोलावले. विषय ठरलेला होता: रोजच्या वापरातला एखादा शोध, त्याचा इतिहास आणि त्याचे भविष्य. मी प्रेशर कुकर निवडला. विमान किंवा संगणक निवडला की मुले मान डोलावतात आणि काहीच विचारत नाहीत. कुकर मात्र प्रत्येकाने पाहिलेला असतो, आणि प्रत्येक जण त्याला एकदा तरी दचकलेला असतो.

इतिहास वाचनालयात मिळाला. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच माणसाने घट्ट झाकणाचे भांडे तयार केले. त्यात वाफ कोंडून तो हाडेसुद्धा मऊ शिजवत असे. वाफ अनावर झाली तर भांडे फुटू नये, म्हणून त्याने झाकणावर एक वजन ठेवले. आतला दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ते उचलले जाई आणि जादा वाफ निघून जाई. आपल्या कुकरची शिट्टी ही त्या वजनाची वंशज. वाफ कोंडली की पाणी शंभर अंशांना उकळत नाही, ते एकशे वीसच्या आसपास तापते, आणि म्हणून डाळ लवकर शिजते. इथपर्यंत सारे सरळ होते.

पण टिपण लिहिताना मी एका वाक्यापाशी अडले. ‘डाळ शिजायला तीन शिट्ट्या लागतात.’ हे वाक्य मी जन्मभर ऐकले आणि म्हटले होते, पण विज्ञानाच्या शिक्षिकेने विचारायला हवे होते की शिट्टी हे कशाचे माप आहे? उत्तर पुस्तकात सापडेना, तेव्हा मी प्रयोग केला. स्वतःचे दोन आणि शेजारणीचा एक असे तीन आकारांचे कुकर घेतले. सगळ्यांत तीच तूरडाळ, तेच पाणी, तीच मोठी आच, आणि प्रत्येकाला तीन शिट्ट्या. सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत भिंती पातळ आहेत. दुपार होईपर्यंत खालच्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्यातून म्हणाले, “अहो बाई, घरात कार्य आहे का? आमंत्रण राहिलं वाटतं आमचं.”

निकाल स्पष्ट होता. लहान कुकरने घाईघाईने शिट्ट्या दिल्या आणि डाळ दाताखाली कचकचली; मोठ्याने सावकाश दिल्या आणि डाळीचे पीठ झाले. मग मी आच बदलून पाहिली. एकदा पूर्ण दाब आला की आच मंद करायची आणि घड्याळ लावून थांबायचे. शिट्टी पुन्हा होवो न होवो, डाळ तिन्ही कुकरांत सारखी शिजली. म्हणजे डाळ शिजवतो तो वेळ. शिट्टी ही कुकरची तक्रार आहे: उष्णता जास्त झाली, आच कमी करा. ती तक्रार आपण घरोघरी मोजत बसलो आणि तिचीच पाककृती केली.

या शोधावर मी खूश असतानाच विश्रांतवाडीहून भाच्याचा फोन आला. तिथे माझी थोरली बहीण एकटी राहते. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षे झाली. मुलगा आयटीत आहे आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. ताईला अलीकडे बारीक, उंच आवाज ऐकू येत नाहीत. श्रवणयंत्र आहे, पण स्वयंपाकघरात ती ते काढून ठेवते, कारण भांड्याला भांडे लागले की तिच्या डोक्यात घण बसल्यासारखे होते. त्या दिवशी तिने कुकर चढवला, गॅलरीत जाऊन कपडे वाळत घातले आणि शिट्टीची वाट पाहत राहिली. शिट्ट्या होत राहिल्या. पाणी आटले, झाकणावरचा सेफ्टी वॉल्व्ह वितळला, घर धुराने भरले. शेजारणीने दार ठोठावले तेही तिला लवकर कळले नाही.

मी पोहोचले तेव्हा भाचा खिडक्या उघडत होता.

“मावशी, आता तूच सांग हिला. आई, ऐकतेस ना?”

“ऐकू येत नाही म्हणूनच तर हा खटला चाललाय,” ताई म्हणाली.

“रविवारी मी शेगडी काढून नेतो. एक तारखेपासून डबा सुरू. वरणभातापुरता इलेक्ट्रिक प्रेशर कुकर आणून देतो, त्याचा तो बंद होतो.”

“आणि फोडणी? ती काय त्याच्या डोक्यावर करू?”

“कुणाच्या?”

“कुकरच्या रे. तुझ्या डोक्यावर करायची वेळ अजून आली नाहीये.”

भाचा चिडला नव्हता, घाबरला होता, आणि त्याचे घाबरणे रास्त होते. तो गेल्यावर ताई बराच वेळ काळवंडलेला कुकर घासत राहिली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “दुसऱ्याच्या हातचं जेवायला माझी हरकत नाही गं. पण दुसऱ्याच्या वेळेला भूक लागायला मला जमणार नाही.” तिच्या दिवसाची सगळी बांधणी त्या शेगडीभोवती होती. शेगडी गेली असती तर तिला फक्त डब्याच्या वेळा उरल्या असत्या.

मी तिला म्हटले, “रविवारपर्यंत काही करू नकोस. मला यातलं थोडं कळतं.”

बुधवारी मी नव्या वॉल्व्हचे झाकण आणि टेबलावर ठेवायचे एक छोटे गजराचे घड्याळ घेऊन गेले. तिला तिन्ही कुकरांचा प्रयोग नीट समजावून सांगितला. शिट्टी मोजायची नाही, झाकणावरचे वजन उचलले जाऊन वाफेचा झोत आला की तो डोळ्यांनी पाहायचा, आच मंद करायची, आणि वेळ घड्याळाला सांभाळू द्यायचा.

“झाला बाईंचा तास?” तिने विचारले. “आता प्रात्यक्षिक घ्या.”

आम्ही कुकरच्या खालच्या डब्यात डाळ आणि वरच्यात तांदूळ लावले. झोत आला, तो तिला स्पष्ट दिसला. तिने आच मंद केली, मी गजर लावला. ठरलेल्या वेळी घड्याळ किणकिणू लागले. ताई शांतपणे काकडी चिरत राहिली. मी तिच्याकडे पाहत राहिले, तेव्हा तिनेच वर पाहिले.

“वाजलं की सांग हं,” ती म्हणाली.

सारे उपाय मोजूनमापून आखले होते, आणि जो बारीक आवाज तिला ऐकू येत नाही म्हणून हे सारे चालले होते, तसाच आवाज करणारी वस्तू मी तिला आणून दिली होती! आम्ही दोघी इतक्या हसलो की गॅस बंद करायला अंमळ उशीरच झाला.

मग ताईने विचारले, “नेमका किती वेळ धरायचा असतो?”

मी सांगितला. ती थोडा वेळ ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली. “माझं सकाळचं स्तोत्र एवढ्याच वेळाचं आहे,” ती म्हणाली. “सावकाश म्हटलं तर.”

घरोघर घड्याळे येण्यापूर्वी लोक प्रार्थना म्हणून स्वयंपाकाचा वेळ मोजत, हे मी याच विषयाच्या निमित्ताने वाचले होते. युरोपातही ती रीत होती. तरीही खात्री करून घेणे मला आवश्यक वाटले. ताई हात जोडून शेगडीपुढे उभी राहिली आणि मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. लहानपणापासून रोज म्हटलेले स्तोत्र एकाच गतीने वाहते; फरक पडला तो डाळीला कळू नये इतकाच. वरणभाताला एक स्तोत्र आणि भिजवलेल्या हरभऱ्यांना दोन, असे आम्ही ठरवले आणि शिजवून तपासले.

रविवारी भाचा आला. एका काखेत इलेक्ट्रिक कुकरचे खोके, दुसऱ्या हातात शेगडी बांधायला पोते. ताईने त्याला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवले. “आधी जेव. पोत्याला घाई नाही.”

तिने कुकर चढवला आणि समोर उभी राहून कोशिंबिरीची तयारी केली. झोत आला. तिने आच मंद केली, पदर सावरला आणि स्तोत्राला सुरुवात केली. भाचा आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहू लागला. मी बोटाने गप्प राहायला सांगितले. शेवटची ओळ संपली, तिने नमस्कार केला आणि त्याच हाताने गॅस बंद केला.

“हे ठीक आहे, आई,” तो म्हणाला. “पण वाफ यायच्या आधीच तू बाहेर गेलीस तर?”

“कोशिंबीर काय गॅलरीत चिरू?”

“बरं. आणि आच मंद केल्यावर कुणी आलं, फोन आला, तू मधेच उठून गेलीस, विसरलीस?”

ताई त्याच्याकडे वळली. या वेळी तिच्या आवाजात टोमणा नव्हता. “तुझा जन्म झाल्यापासून मला पाहतोयस. स्तोत्र अर्धवट टाकून मी कधी उठलेय का रे? तू लहानपणी जिन्यावरून पडून रडत होतास, तेव्हासुद्धा पुरं करून आले होते.”

“ते चांगलंच आठवतंय मला,” भाचा म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदाच सैल झाला.

वाफ जिरल्यावर झाकण उघडले. मी शिक्षिकेच्या सवयीने डाळीचा दाणा दोन बोटांत दाबून पाहिला. तो लोण्यासारखा विरला. ताईने हिंग-मोहरीची फोडणी दिली, आणि ती अर्थातच गॅसवर दिली. भाच्याने वरणभात दोनदा घेतला. तिसऱ्यांदा वाढून घेण्यापूर्वी तो गॅलरीत गेला आणि डबा देणाऱ्या बाईंशी त्याचे फोनवरचे बोलणे आम्हाला, म्हणजे मला, ऐकू आले: “काकू, एक तारखेपासूनचा डबा नको. हो, आई घरीच करतेय.”

“काय म्हणाला?” ताईने मला विचारले. मी सांगितले. तिने त्याच्या पानात आणखी एक मूद वाढून ठेवली.

निघताना त्याने पोते घडी करून काखेत मारले, पण खोक्याचे काय करावे हे त्याला कळेना. दाब, वेळ आणि तापमान स्वतः सांभाळणारा तो कुकर खरोखर चांगला शोध होता. माझ्या व्याख्यानाचा उत्तरार्ध त्यावरच होता, आणि फळ्यावर आकृती काढण्यापेक्षा वस्तू दाखवलेली केव्हाही बरी.

“ते माझ्याकडे दे,” मी म्हटले. “शाळेत मुलांना भविष्य दाखवायचं आहे.”

ताईने ते खोके माझ्या हातांत नीट बसवले आणि दार उघडून धरले.

“भविष्य आहे ना? मग जपून उतर,” ती म्हणाली. “जिना आमचा जुनाच आहे.”